पाठवण्याआधी तपासा: पॅच, चेकपॅच आणि मराठीतला अर्धा र

[या भागाचं हे शब्दांकन. बोलले तसंच ठेवलंय, थोडी काटछाट केलीय. कमांड उच्चारल्या तशाच देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत टंकायच्या. 'डॅश' म्हटलं की आडवी रेघ.]

साखरखेर्ड्याहून बोलतेय. दर वेळी कोणीतरी विचारतं की हे गाव नेमकं कुठं, म्हणून एकदाच सांगून टाकते: बुलढाणा जिल्हा, तालुका सिंदखेडराजा. १७२४ साली निजामुल्मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली ते हे गाव. त्या लढाईवर एक वेगळा भाग करायचाय, पण तो आज नाही. आजचा विषय आहे पॅच, म्हणजे कोडमधला बदल, आणि तो दुसऱ्याकडे पाठवण्याआधी आपल्याच मशीनवर तपासून देणारी कमांड-लाइनची साधनं.

विषय निघाला तो असा. संध्याकाळी माझ्याकडे चार-पाच मुलं बसतात, त्यातल्या एकानं मुक्त सॉफ्टवेअरच्या एका प्रकल्पाला आयुष्यातला पहिला पॅच पाठवला. आठ दिवस गेले. मला म्हणाला, "ताई, त्यायनं काही उत्तरच नाही देल्लं." उत्तर आलं दोन आठवड्यांनी आणि ते होतं एका ओळीचं: ओळींच्या शेवटी मोकळ्या जागा राहिल्यात, टॅबच्या जागी स्पेस आहेत, नीट करून पुन्हा पाठव. त्याचा मूळ बदल बरोबर होता की चूक, यावर चकार शब्द नाही. पोरगं खट्टू झालं. म्हणालं, एवढ्यासाठी पंधरा दिवस?

आता समोरच्याला दुष्ट ठरवणं सोपं आहे, पण त्याच्या बाजूनं बघा. लिनक्स कर्नलचंच उदाहरण घ्या. नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि दर आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल जातात. ते सगळे ई-मेलनं येतात आणि माणसं वाचतात. वाचणाऱ्याचं डोकं मोकळ्या जागांवर अडकलं की तर्काकडे लक्ष जायच्या आतच तो पॅच बाजूला पडतो. जी गोष्ट यंत्राला दोन सेकंदांत दिसते ती दाखवायला माणसाचे दोन आठवडे का घालवायचे?

आपल्याकडे सोयाबीन मेहकरच्या मार्केटला न्यायच्या आधी दाणा दाताखाली धरून बघतात. कट्‌ वाजला तर ठीक, दबला तर ओल आहे. ओल १२ टक्क्यांच्या वर गेली की तिथं भाव पडणार किंवा माल परत येणार, गाडीभाडं आपल्याच अंगावर. म्हणून घरीच बघतात. (इंग्रजीत दाण्यालाही कर्नलच म्हणतात, हा आपला एक योगायोग.)

तर आधी पॅच म्हणजे काय ते पटकन. १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये डिफ नावाचा प्रोग्रॅम आला. दोन फायली दिल्या की कुठली ओळ गेली, कुठली आली तेवढंच दाखवायचा. मग १९८५ साली लॅरी वॉल यांनी पॅच हा प्रोग्रॅम लिहिला. तो डिफचा तो कागद घेऊन जुन्या फायलीत बदल लावून द्यायचा. म्हणजे अख्खी फाइल पाठवायची गरज संपली, फरक पाठवला की काम झालं. पुढं २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिलं, पण मुळात देवाणघेवाण त्याच फरकाची. वजा खूण म्हणजे ही ओळ काढली, अधिक खूण म्हणजे ही घातली, आणि आजूबाजूच्या तीन-तीन ओळी संदर्भासाठी.

हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. तपासणारं साधन हा फरक बघतं. अख्खा प्रोग्रॅम नाही.

सगळ्यात छोटी तपासणी गिटमध्येच आहे आणि निम्म्या लोकांना ती माहीत नसते: गिट डिफ डॅश-डॅश चेक. ओळीच्या शेवटची मोकळी जागा, टॅबच्या आधी आलेली स्पेस आणि मर्ज करताना राहून गेलेल्या त्या सात-सात कंसांच्या खुणा ती पकडते. माझ्याकडच्या पोराचा पॅच निम्मा इथंच सुधारला असता. निम्माच म्हणते, कारण टॅबच्या जागी स्पेस हा दोष या कमांडला आपणहून दोष वाटत नाही. कोर डॉट व्हाइटस्पेस या सेटिंगमध्ये तसं सांगावं लागतं. का? कारण पायथॉनवाल्यांना स्पेसच हव्या असतात. कुठला नियम कुठल्या प्रकल्पाचा, हे साधनाला माहीत असावं लागतं.

म्हणून कर्नलवाल्यांनी स्वतःचं साधन बनवलं, चेकपॅच. ही पर्लमध्ये लिहिलेली एक लांबलचक स्क्रिप्ट आहे, कर्नलच्याच स्क्रिप्ट्स या फोल्डरमध्ये मिळते. फाइलच्या माथ्यावर कर्त्यांची नावं आहेत: २००१ डेव्ह जोन्स, २००५ जोएल शॉप, २००७ पासून अँडी व्हिटक्रॉफ्ट, आणि २०१० पासून पुढं जो पर्चेस. जोएल शॉप यांच्या नावापुढं कंसात "कुरूप भाग" अशा अर्थाचं लिहिलंय. ही विनोदबुद्धी मला आवडते, आणि खरंही आहे ते. कारण चेकपॅचला सी भाषा कळत नाही. तिच्याकडे सीचं व्याकरण तपासणारा पार्सर नाही. नुसत्या रेग्युलर एक्स्प्रेशनवर, म्हणजे अक्षरांच्या नमुन्यांवर, ती अंदाज बांधते. आणि अंदाज तरी कशावर, तर फरकातल्या त्या थोड्या ओळींवर.

तरीसुद्धा ती खूप काही पकडते. टॅबऐवजी स्पेस. चुकीच्या जागी महिरपी कंस. कमिटच्या मजकुरात ७५ अक्षरांपुढं गेलेली ओळ. साइन्ड-ऑफ-बाय नसणं, ही ओळ म्हणजे "हा कोड द्यायचा मला हक्क आहे" असं सहीनिशी सांगणं. एखादी जुनी चूक दुरुस्त करत असाल तर फिक्सेस या ओळीत त्या जुन्या कमिटचा क्रमांक किमान १२ अक्षरांचा आहे का, तेही बघते. नेहमीच्या इंग्रजी शब्दचुकांची एक यादी तिच्या शेजारीच ठेवलेली असते: डावीकडे चूक, मध्ये दोन उभ्या रेघा, उजवीकडे बरोबर. त्या यादीत एक शब्द वाढवणं हासुद्धा एक पॅचच असतो.

तिच्या तक्रारी तीन पायऱ्यांच्या. एरर, म्हणजे हे बहुतेक चूकच. वॉर्निंग, म्हणजे बघ बाबा. आणि चेक, म्हणजे आवडीनिवडीचा भाग. ही तिसरी पायरी एरवी लपलेली असते, डॅश-डॅश स्ट्रिक्ट म्हटलं की दिसते. पण नेटवर्कचा भाग आणि स्टेजिंग, इथल्या फायलींना ती आपणहून लागू होते. तिथले लोक जास्त काटेकोर आहेत हे साधनाला आधीच ठाऊक आहे. हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

८० अक्षरांची गोष्ट सांगितल्याशिवाय चेकपॅचचं पुराण पूर्ण होत नाही. वर्षानुवर्षं ओळ ८० अक्षरांच्या पुढं गेली की ती कुरकुरायची. हा आकडा आला पंच कार्डावरून. आयबीएमच्या कार्डात ८० रकाने होते, पुढं टर्मिनलही तेवढेच रुंद झाले. मग व्हायचं काय, लोक केवळ ती कुरकुर थांबावी म्हणून एक चांगली सरळ ओळ मध्येच तोडायचे आणि ती वाचायला जास्त अवघड व्हायची. साधन गप्प, कोड खराब. शेवटी मे २०२० मध्ये, टोरवाल्ड्स यांनी स्पष्ट बोलल्यावर, पर्चेस यांनी ती मर्यादा १०० वर नेली. शैलीच्या नियमात ८० हीच पसंती राहिली, पण यंत्र ओरडतं ते १०० नंतर. मला हा बदल महत्त्वाचा वाटतो तो आकड्यामुळे नाही. साधनाचा नियम माणसाच्या निर्णयाच्या डोक्यावर बसायला लागला तर नियम बदलायचा असतो, आणि तिथं तो बदलला गेला.

एक सावधगिरी. डॅश एफ लावून चेकपॅचला अख्खी फाइल देता येते. नवी मुलं हेच करतात: जुनी फाइल द्यायची, दोनशे वॉर्निंग काढायच्या, त्या "दुरुस्त" करून पाठवायच्या. स्टेजिंग भागात हे चालतं, ती जागाच शिकणाऱ्यांसाठी बरी. इतरत्र मात्र लोक वैतागतात. चालू असलेल्या जुन्या कोडला नुसतं नटवायला हात लावला की इतिहास गढूळ होतो आणि दुसऱ्यांचे पॅच लागेनासे होतात. तपासायचं ते आपण घातलेल्या ओळी.

तर आता मूळ मुद्दा. अशी साधनं सुधारायची म्हणजे काय करायचं? नवे नियम घालणं हे सगळ्यात सोपं आणि बहुतेक वेळा सगळ्यात निरुपयोगी. मी चार-पाच प्रकल्पांची असली साधनं वापरलीत आणि माझं मत असं झालंय की अडचण नियमांच्या कमतरतेची नसतेच. अडचण असते संदेशाची. "कॉम्प्लेक्स मॅक्रो" असं म्हणून साधन गप्प बसलं तर नवख्यानं काय समजायचं? चेकपॅचमध्ये ही सुधारणा २०२१ मध्ये झाली. द्वैपायन रे यांनी लुकास बुलवान यांच्या बरोबरीनं तक्रारीच्या प्रकारांची दस्तऐवजात नोंद केली: ही तक्रार का येते, काय करावं, अधिक कुठं वाचावं. आणि डॅश-डॅश व्हर्बोज म्हटलं की तेच स्पष्टीकरण टर्मिनलवर येतं. एकही नवा नियम नाही, पण साधन बदलून गेलं. मी मुलांना पहिल्या दिवशी व्हर्बोज लावूनच चालवायला सांगते.

दुसरी गोष्ट खोट्या तक्रारींची. दहा वेळा लांडगा आला म्हटलं की अकराव्यांदा कोणी बघत नाही. म्हणून नको असलेला प्रकार नावानिशी बंद करता आला पाहिजे. चेकपॅचमध्ये डॅश-डॅश शो-टाइप्सनं प्रत्येक तक्रारीचं नाव दिसतं आणि डॅश-डॅश इग्नोरनं तेवढीच गप्प करता येते. डॅश-डॅश फिक्स हा पर्यायही आहे, तो दुरुस्ती करून वेगळ्या फाइलीत ठेवतो, आणि त्या फाइलच्या नावातच "प्रायोगिक" हा शब्द घातलाय. वाचल्याशिवाय वापरू नका असाच त्याचा अर्थ.

तिसरी, एक्झिट कोड. हे कंटाळवाणं वाटेल पण इथं फार जण फसतात. कमांड संपताना एक आकडा मागं ठेवते: ० म्हणजे ठीक, दुसरं काहीही म्हणजे गडबड. गिटचा हुक, म्हणजे कमिटच्या आधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट, हा आकडाच बघतो. आता तुम्ही स्क्रिप्टमध्ये तपासणीचा निकाल पाइपनं टी या कमांडकडे दिला, लॉग ठेवावा म्हणून, तर शेलला शेवटच्या कमांडचा आकडा मिळतो. टी नेहमी खूश! तपासणीत शंभर चुका निघाल्या तरी हुक म्हणणार, जाऊ द्या. बॅशमध्ये सेट डॅश ओ पाइपफेल ही एक ओळ वर घाला, प्रश्न मिटला.

आणि चौथी, नेट नसताना चालणं. पुण्या-मुंबईतल्या ऐकणाऱ्यांना हे हास्यास्पद वाटेल. इथं पावसाळ्यात लाइन गेली की टॉवरही डोळे मिटतो. प्री-कमिट नावाचं एक लोकप्रिय पायथॉन साधन आहे, चांगलंच आहे, पण पहिल्यांदा चालवताना ते प्रत्येक तपासणीसाठी लागणारं सगळं नेटवरून उतरवतं. तेव्हा नेट असताना एकदा चालवून ठेवायचं, मग ते आपल्या जवळच्या साठ्यावर चालतं. चेकपॅचची ती एक पर्ल फाइल मात्र कशाचीच वाट बघत नाही.

पॅचची मालिका असेल, समजा पाच पॅच, तर शेवटी एकदा तपासून भागत नाही. प्रत्येक पॅच लावल्यावर कोड बिल्ड झाला पाहिजे. कारण पुढं कोणी गिट बायसेक्टनं चूक शोधायला निघालं आणि तुमच्या तिसऱ्या पॅचवर येऊन बिल्डच झाला नाही, तर त्याचा शोध तिथंच अडकतो. यासाठी गिट रिबेस डॅश एक्स: पुढं जी कमांड द्याल ती प्रत्येक कमिटनंतर चालते, आणि जिथं एक्झिट कोड बिघडेल तिथं रिबेस थांबतं. तिथंच दुरुस्त करा, पुढं चला. सुधारलेली दुसरी आवृत्ती पाठवताना गिट रेंज-डिफनं पहिली आणि दुसरी समोरासमोर ठेवता येते. वाचणाऱ्याला कळतं नेमकं काय बदललं.

आणि पाठवताना: ई-मेलच्या वेब पानात पॅच चिकटवू नका. जीमेलचं वेब पान टॅबच्या स्पेस करतं आणि लांब ओळी मोडतं, हे कर्नलच्या दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. म्हणजे तुमच्या मशीनवर सगळं शुद्ध, आणि पोहोचेपर्यंत पॅच खराब. गिट सेंड-ईमेल वापरा. आधी स्वतःलाच पाठवा, आलेला मेल उतरवून गिट एएमनं लावून बघा. लागला तर मगच पुढं. ही सगळी कसरत नको असेल तर कॉन्स्टँटिन रियाबित्सेव यांचं बी-फोर हे साधन आहे. बी-फोर प्रेप डॅश-डॅश चेक म्हटलं की मालिकेतल्या प्रत्येक पॅचवर चेकपॅच चालतं.

इथवर जे सांगितलं ते कुठल्याही भाषेतल्या माणसाला लागू आहे. आता आपल्या घरचं.

मराठीत मुक्त सॉफ्टवेअरचं पुष्कळ काम झालंय ते भाषांतराचं आणि फॉन्टचं, आणि त्यातलं बरंचसं पुण्यातून. रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी लोहित हे मुक्त फॉन्ट सांभाळले. प्रवीण सातपुते आणि सहकाऱ्यांनी लोहित-२ करताना जोडाक्षरांचे नियम साध्या मजकुराच्या वेगळ्या फीचर फाइलमध्ये लिहून काढले. याचा पॅचशी संबंध काय? मोठा आहे. नियम मजकुरात आले की त्यांचा डिफ माणसाला वाचता येतो. "क्ष बिघडला" असा पॅच आला तर कुठली ओळ बदलली ते दिसतं. शिवाय एचबी-शेप नावाची कमांड आहे, हार्फबझबरोबर येते. तिला फॉन्ट आणि शब्द दिला की कुठले आकार, कुठल्या क्रमानं लागले ते नावानिशी छापते. बदलाआधीचं आणि नंतरचं छापून डिफ केलं की झाली तपासणी. डोळे ताणून स्क्रीनकडे बघायचं काम नाही.

भाषांतराच्या फायलींसाठी, त्या पीओ फायलींसाठी, सगळ्यात उपयोगी कमांड म्हणजे एमएसजीएफएमटी डॅश सी. उदाहरण सांगते. मूळ इंग्रजी वाक्यात आधी फायलींची संख्या येते, टक्का-डी, आणि मग फोल्डरचं नाव, टक्का-एस. मराठीत आपण सहज उलटं लिहितो: "अमुक फोल्डरमध्ये इतक्या फायली उतरवल्या". म्हणजे टक्का-एस आधी, टक्का-डी नंतर. भाषेच्या दृष्टीनं अगदी बरोबर. पण प्रोग्रॅम पहिली गोष्ट देतो ती संख्या, आणि टक्का-एस तिला मजकुराचा पत्ता समजून मेमरीत कुठंतरी शोधायला जातो. प्रोग्रॅम कोसळतो. आणि तो फक्त मराठीत कोसळतो, म्हणून मूळ लेखकाला कधी कळतही नाही. उपाय: क्रमांक द्यायचा, टक्का-दोन-डॉलर-एस, टक्का-एक-डॉलर-डी. डॅश सी ही गोष्ट पाठवण्याआधीच पकडतं. मात्र त्या नोंदीवर सी-फॉरमॅट ही खूण असली पाहिजे, नाहीतर ते तिकडं बघतच नाही.

आता अर्धा र. शेतकऱ्यांना, दुसऱ्या, वाऱ्यावर. हा र लिहायच्या तीन पद्धती फायलींमध्ये सापडतात. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोड ०९३१, आणि पुढं हलन्त. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर याची वेगळी कळ आहे. दोन, साधा र, खाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढं एक न दिसणारं जोडक चिन्ह, क्रमांक २००डी, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. चांगल्या फॉन्टमध्ये तिन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. ग्रेपला मात्र तीन वेगळे शब्द आहेत. तुम्ही "शेतकऱ्यांना" शोधाल आणि अर्ध्या जागा सापडणारच नाहीत.

युनिकोडचं सामान्यीकरण, एनएफसी, यातल्या पहिल्या दोन पद्धती एक करतं. तिसरीला हात लावत नाही. म्हणजे "आम्ही एनएफसी करतो, आमचं सगळं ठीक आहे" असं कोणी म्हणालं तर मराठीपुरतं ते अपुरं आहे. ॲची तीच तऱ्हा. ॲ हे एक अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं, क्रमांक ०९७२. त्याआधीचे लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत, आणि तसं लिहिलेलं आजही खोऱ्यानं आहे. या दोन्हींना एनएफसी एक करत नाही. ॲप आणि ॲप, दिसायला सारखे, आतून दोन.

यात २०२१ मध्ये आणखी एक भर पडली. केंब्रिजच्या निकोलस बाऊचर आणि रॉस अँडरसन यांनी दाखवून दिलं की मजकुराची दिशा उलटवणारी अदृश्य चिन्हं कोडमध्ये लपवून वाचणाऱ्याला एक दिसतं आणि कंपायलरला दुसरंच, असं करता येतं. ट्रोजन सोर्स म्हणतात त्याला. धोका खरा आहे. जीसीसीनं १२ व्या आवृत्तीत त्यासाठी इशारा आणला. पण काही प्रकल्पांनी घाईघाईत "कुठलंही अदृश्य चिन्ह नको" असा सरसकट नियम केला, आणि त्यात आपलं बिचारं झेडडब्ल्यूजे सापडलं. मराठी भाषांतराचा पॅच गेला की लाल शेरा! ते चिन्ह दिशा उलटवत नाही, त्याचा या हल्ल्याशी संबंध नाही. इथं नियम सुधारायचा तो असा: दिशा बदलणारी चिन्हं कुठंही दिसली तरी थांबवा, झेडडब्ल्यूजे मात्र देवनागरीच्या हलन्तानंतर आलं तर चालू द्या, बाकी कुठं आलं तर दाखवा. पर्लच्या एका ओळीत होतं हे.

छोट्या छोट्या दोन गोष्टी. गिटबरोबर प्री-कमिट हुकचा जो नमुना येतो, तो इंग्रजीबाहेरची अक्षरं असलेलं फाइलचं नाव नव्यानं घालायला नकार देतो. हुक्स डॉट अलाऊनॉनअ‍ॅस्की हे ट्रू केलं की देतो. आणि गिट स्टेटसमध्ये "म" च्या जागी \३४०\२४४\२५६ असलं काही दिसलं तर घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही. कोर डॉट कोटपाथ फॉल्स करा, नाव नीट दिसेल.

आणि मोजणी. "नमस्कार" हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा, युनिकोडला सात चिन्हांचा, आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइटचा. ज्या हुकमध्ये डब्ल्यूसी डॅश सी लावून ओळ मोजलीय, तो बाइट मोजतो. म्हणजे इंग्रजीला ७५ अक्षरं आणि आपल्याला २५. डॅश एम लावा, ते चिन्हं मोजतं, पण लोकेल यूटीएफ-८ असेल तरच. एडिटरमधून चाललेल्या हुकला टर्मिनलमधलं लोकेल मिळेलच असं नाही, म्हणून स्क्रिप्टच्या वरच एलसी-ऑल ठरवून टाकायचं.

माझी स्वतःची स्क्रिप्ट साठेक ओळींची आहे. आधी गिट डिफ डॅश-डॅश कॅश्ड डॅश-डॅश चेक. मग बदललेल्या पीओ फायलींवर एमएसजीएफएमटी डॅश सी, आउटपुट डेव्ह-नलमध्ये, नाहीतर फोल्डरमध्ये एक फालतू एमओ फाइल पडून राहते. मग फक्त नव्या ओळींवर, म्हणजे अधिक खुणेनं सुरू होणाऱ्या ओळींवर, अर्धा र आणि ॲ यांची तपासणी. तीन अधिक खुणांनी सुरू होणारी ओळ फाइलचं नाव असते, ती वगळायची. सापडलं तर स्क्रिप्ट फाइल आणि ओळ सांगते, शब्द दाखवते, आणि काय टंकायचं तेही लिहिते. अर्ध्या र आणि ॲच्या तक्रारीला मी एरर ठेवलेलं नाही, वॉर्निंग ठेवलंय. कारण प्रकल्पात आधीपासून सगळीकडे तिसरी पद्धत असेल तर आपण एकट्यानं पहिली आणून भेसळ करण्यात अर्थ नाही. आधी त्या प्रकल्पाच्या मराठी गटाला विचारायचं.

एका श्रोत्यानं मागं विचारलं होतं की हुक गिटमध्येच ठेवला तर सगळ्यांना आपोआप का मिळत नाही. हुकचं फोल्डर रिपॉझिटरीबरोबर जात नाही, आणि ते बरंच आहे. नाहीतर कोणाचंही रिपॉझिटरी क्लोन करून पहिली कमिट केली की त्याचा कोड तुमच्या मशीनवर चालला असता. स्क्रिप्ट एखाद्या साध्या फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येकानं एकदा गिट कॉन्फिग कोर डॉट हुक्सपाथ त्या फोल्डरकडे वळवायचं. घाई असेल तेव्हा गिट कमिट डॅश-डॅश नो-व्हेरिफाय आहेच, हुक बाजूला ठेवून कमिट होते. मुलांना मी ते सांगून ठेवलंय. अडवणारं साधन लोक काढून टाकतात, बाजूला करता येणारं ठेवतात.

त्या पोराचा पॅच मागच्या सोमवारी पुन्हा गेला. या वेळी व्हर्बोज लावून चेकपॅच त्यानं स्वतः चालवलं, एक वॉर्निंग ठरवून तशीच ठेवली, आणि का ठेवली ते पॅचमधल्या तीन रेघांच्या खाली लिहिलं. तिथलं लिहिलेलं वाचणाऱ्याला दिसतं पण कमिटमध्ये जात नाही. उत्तर अजून यायचंय.